उतारीची वही

१ जून, रविवार. भुसावळ

मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये उभ्या आयुष्यात गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली आणि उशीर का झाला, एवढंच लिहिलं. आता निवृत्तीत ब्रिजमधल्या उतारीचा, म्हणजे डावात टाकलेल्या पहिल्या पानाचा, हिशेब लिहायला घेतलाय. शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले: तारीख, बोली, माझी तेरा पानं, उतारलेलं पान, कारण, आणि शेवटी 'दोष कोणाचा'.

निमित्त गेल्या हिवाळ्यातल्या जोड्यांच्या स्पर्धेचं. यादीत आमचं नाव खालून शोधलं तर लवकर सापडत होतं. परतीच्या गाडीत आप्पा म्हणत होते की पानंच पडली नाहीत. पण जोड्यांच्या ब्रिजमध्ये ही सबब चालत नाही. आम्हाला पडलेली तेरा पानं बोर्डात, म्हणजे पानं ठेवायच्या खोक्यात, भरून पुढच्या टेबलावर जातात, आणि तिथला आमच्याच दिशेचा खेळाडू तीच पानं खेळून आमच्या दुप्पट कमावतो. पानं सगळ्यांना सारखीच होती, उतारी आमची वेगळी होती.

दर रविवारी संध्याकाळी सहाला माझ्या गच्चीवर बसतो. त्याआधी बसणं शक्य नाही, जूनमध्ये भुसावळची गच्ची म्हणजे तवा. सर आणि वहिनी जळगावहून येतात. सर गणिताचे, निवृत्त. वहिनी सरांकडूनच खेळ शिकल्या, आणि आज चौघांत त्याच सर्वांत चांगल्या खेळतात, हे सर सोडून सगळे मान्य करतात. आप्पा माझे भिडू. ते इंजिनावर, मी शेवटच्या डब्यात, अशा कितीतरी गाड्या एकत्र नेल्या. मध्ये चाळीस-पन्नास वाघिणी, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. त्यांची शिट्टी आणि माझी झेंडी एवढीच बोली. तिथे कधी घोळ झाला नाही. घोळ सगळा पत्त्यांत.

वहीचा नियम असा. पहिली उतारी टेबलावर पालथी ठेवायची हा खेळाचाच कायदा आहे, म्हणजे पान उलटण्याआधी भिडूला बोलीबद्दल विचारता येतं. ते पान बोटाखाली दाबून धरायचं आणि तेवढ्यात पेन्सिलीने कारण लिहायचं. डमी, म्हणजे डाव खेळणाऱ्याच्या भिडूची पानं, उतारीनंतर सगळ्यांसमोर उघडतात; ती उघडल्यावर सुचलेलं कारण वहीत चालणार नाही. डमी दिसली की सगळेच शहाणे.

वहिनींनी शेवटचा रकाना वाचला आणि म्हणाल्या, "हा खोडा, नाहीतर महिनाभरात तुम्ही दोघं बोलायचे बंद व्हाल." खोडला नाही.

८ जून

आजचा सातवा डाव पूर्ण लिहितो. सरांनी एक नो ट्रम्पने उघडलं (आमच्यात पंधरा ते सतरा गुण; एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक), वहिनींनी थेट तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय सहा अधिक तीन, नऊ हात करण्याची बोली. उतारी माझी.

इस्पिक १०-९-४
बदाम ८-५
चौकट राजा-गुलाम-६-२
किलवर एक्का-७-५-३

कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: 'चौथं पान'. लांब रंगातलं वरून चौथं उतारायचं, हे रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या लोकांची विश्रांतीची जागा) ज्या साहेबाने आम्हाला मेंढीकोट सोडायला लावून ब्रिज शिकवला त्याचं पहिलं वाक्य. म्हणून चौकटची दुर्री. आप्पांची नव्वी पडली आणि सरांनी राणीने हात घेतला. त्यांच्याकडे चौकटचा एक्का-राणी-चौकी होती. राणीचा हात त्यांना एरवी मिळालाच नसता, मी ताटात वाढून दिला. मग त्यांनी माझा किलवरचा एक्का काढून घेतला, डमीतल्या किलवर पिकवल्या आणि दहा हात केले.

आता आप्पांचे इस्पिक पाहा: एक्का-राणी-८-७-३. सरांकडे राजा-६-२, डमीत गुलाम-५. मी दश्शी उतारली असती तर राजा तिथेच खर्ची पडला असता. किलवरचा एक्का माझ्याकडे, म्हणजे मी पुन्हा हातात येणारच होतो. तेव्हा नव्वी, मग चौकी आप्पांच्या एक्क्याला, पुढे अठ्ठी आणि सत्ती. चार इस्पिक आणि एक किलवर, डाव एकाने बुडाला असता. मधल्या हातात सरांनी राजा राखून धरला असता तरी हिशेब तोच येतो, रात्री मांडून पाहिलं.

आप्पांची बाजू अशी की सात गुणांवर, नो ट्रम्पच्या डोक्यावर ते इस्पिक बोलणार कसे? बरोबर आहे. पण वहिनी काय बोलल्या नाहीत ते मी ऐकायला हवं होतं. त्यांनी दोन किलवर बोलून सरांना चार पानी बदाम-इस्पिक विचारलं नाही, म्हणजे त्यांच्याकडे तसा रंग नाही. सरांकडे असेल किंवा नसेल. मग इस्पिक उरले कुठे? माझ्याकडे तीनच. उरलेल्यांतला मोठा वाटा आप्पांकडे असण्याची शक्यता चांगलीच होती.

आपल्याकडे आठ गुण, समोरच्यांकडे पंचवीसच्या आसपास, मग भिडूकडे सात-आठ उरतात. माझी चौकट पिकवण्यात अर्थ नव्हता, पिकली तरी फार तर एक जादा पान.

'दोष कोणाचा': माझा.

१५ जून

सरांच्या डोक्यात शंका. एका डावावरून काही सिद्ध होत नाही, म्हणाले. चौकटची राणी आप्पांकडे असती तर? म्हणून आज खेळ बंद ठेवून प्रयोग. माझी ती तेरा पानं बाजूला काढली, उरलेली एकोणचाळीस पिसून तिघांना वाटायची, आणि सरांची-वहिनींची बोली ज्यात बसते तेवढेच डाव मोजायचे.

चाळीस वेळा वाटली. बोलीत बसला एक डाव. त्यातही वहिनींचं मत की एवढ्या गुणांवर त्या तीन नो ट्रम्प बोलल्याच नसत्या.

रसात बुडवून मांडे खाल्ले आणि उठलो.

१६ जून

सरांच्या नातवाने हेच काम लॅपटॉपवर केलं, आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात. यंत्र आपणच वाटतं, बोलीत न बसणारे डाव आपणच टाकून देतं आणि प्रत्येक उतारीवर किती हात येतात ते मोजतं. या पानांवर इस्पिक चौकटीच्या पुढे राहिले. फार पुढे नाही, पण पुढे.

एक खोट आहे, ती सरांनीच काढली. यंत्र चारही हातांची पानं उघडी ठेवून खेळतं. त्याचा बचावकर्ता चुकत नाही आणि डाव खेळणाराही चुकत नाही. आमच्या टेबलावर दोन्ही होतं. गुपचूप, कुठलाच हात न सोडणारी उतारी केली की यजमानाला, म्हणजे डाव खेळणाऱ्याला, पुढे स्वतः अंदाज बांधावे लागतात आणि तो तिथे चुकतो, हा फायदा यंत्राच्या आकड्यात येत नाही.

२९ जून

आज भांडण. नीट लिहून ठेवतो.

वहिनी एक चौकट. मी एक इस्पिक. सर दोन नो ट्रम्प, आप्पा पास, वहिनी तीन नो ट्रम्प. उतारी आप्पांची. सर-वहिनी व्हल्नरेबल, म्हणजे त्यांचं बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा. माझी पानं:

इस्पिक गुलाम-९-७-४-२
बदाम ६
चौकट ८-५
किलवर एक्का-राजा-राणी-१०-४

आप्पांकडे इस्पिकचा राजा-पंजी. भिडूने बोललेला रंग, दोनच पानं, त्यातलं वरचं टाकायचं. त्यांनी राजा टाकला. सरांनी एक्क्याने घेतला, डमीतली राणी आपोआप मोठी झाली. पाच चौकट, चार बदाम, दोन इस्पिक, अकरा हात, ६६०. मी पाच किलवर हातात धरून बसलो होतो. सरांकडे किलवरचा गुलाम-६-५, डमीत ७-३. पहिल्या पानाला किलवर आली असती तर पाचही हात सलग आमचे आणि त्यांचे १०० गेले असते. फरक ७६० चा. संघांच्या सामन्यात याचे तेरा इंप, म्हणजे तिथले गुण, होतात.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी पानं टेबलावर ठेवली आणि शांतपणे अहिराणीत म्हणाले, "तू इस्पिक बोलना, म्हनीसन मी इस्पिकना राजा टाका. मनं काय चुकनं?"

काहीच चुकलं नव्हतं. 'दोष कोणाचा' मध्ये त्यांचं नाव लिहायला घेतलेली पेन्सिल मी खाली ठेवली.

सर पुस्तकाच्या बाजूने: पाच-पाच पानांचे दोन रंग असले की वरचा आधी बोलायचा. मी तेच केलं होतं. दोन चौकट बोलून दोन्ही मेजर, म्हणजे बदाम-इस्पिक, दाखवता येतात, दोन नो ट्रम्प बोलून किलवर-बदाम दाखवता येतात, पण इस्पिक-किलवर एका बोलीत दाखवायची सोय आमच्या पद्धतीत नाही. वहिनी म्हणाल्या, "पुस्तक बरोबर आहे. पण पुढे उतारी कुणाची येणार याचा विचार पुस्तक करत नाही, तो आपण करायचा. मी दोन किलवर बोलले असते."

मला अजून पूर्ण पटलेलं नाही. इस्पिकमध्ये आमचा गेम (चारची बोली, मोठं बक्षीस) असता तर दोन किलवरने तो हुकला असता. पण सर दोन नो ट्रम्पला गेले तेच माझ्या इस्पिकच्या बोलीवर. त्यांच्याकडे इस्पिकचा एक्का होता आणि किलवरबद्दल त्यांना कुणी सावध केलंच नव्हतं. माझ्या बोलीने भिडू फसला आणि समोरचे निर्धास्त झाले.

झेंडी हिरवी दाखवायची आणि मग ड्रायव्हर निघाला कसा म्हणून विचारायचं, तसं हे.

६ जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. चौघांच्या पोटात जड. दहा डाव, लिहिण्यासारखं एकच: अकराचा नियम आप्पांनी भर डावात बोटांवर मोजला. मी सत्ती उतारली, अकरातून सात गेले चार. म्हणजे सत्तीवरची चार पानं उरलेल्या तीन हातांत. डमीत दोन, आप्पांकडे दोन, म्हणजे यजमानाकडे एकही नाही. त्यांनी मग आपलं खालचं पान टाकलं आणि माझी सत्तीच हात घेऊन गेली. यजमान वहिनी होत्या, म्हणून आनंद जास्त.

शेजारच्या काकांनी जिन्यातून डोकावून "अजून पत्तेच कुटताय का" विचारलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच पत्त्यांत भारताला पुरुष जोडीचं सुवर्ण मिळालं, प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते आणि शिबनाथ सरकार छप्पन्न, हे त्यांना मी आता तिसऱ्यांदा सांगितलं. ते तिसऱ्यांदा म्हणाले, "मग तुम्ही का नाही गेलात?"

१३ जुलै

सर एक बदाम, मी पास, वहिनी दोन किलवर. आता आप्पा. ते थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, पानं एकदा मागेपुढे केली. पास. पुढे सर दोन बदाम, वहिनी चार. उतारी माझी: इस्पिक राजा-८-४, बदाम राणी-९-५, चौकट गुलाम-१०-९-३, किलवर एक्का-६-४.

आप्पांकडे काहीतरी आहे हे गच्चीवरच्या कावळ्यालाही कळलं होतं. दोन किलवरवर बोलावंसं वाटलं म्हणजे बहुधा इस्पिक. पण तो चष्मा ही काही बोली नाही. कायद्याने भिडूच्या थांबण्यातून मिळालेली माहिती वापरता येत नाही. दोन रास्त पर्याय असतील तर थांबण्याने सुचवलेला पर्याय सोडायचा. माझ्या पानांतून कुणीही चौकटचा गुलामच उतारेल. राजा-८-४ मधून इस्पिक उतारणं म्हणजे चष्म्यावर उतारणं. चौकटचा गुलाम टाकला.

सर-वहिनींकडे चौकटचे एक्का-राजा-राणी तिन्ही. तिसऱ्या चौकटीवर सरांनी हातातला एक इस्पिक फेकला. आम्हाला एक इस्पिक, किलवरचा एक्का आणि हुकमाची राणी. चार बदाम झाले. पहिल्याच पानाला इस्पिक आला असता तर दोन इस्पिक धरून चार हात, डाव बुडाला असता. आप्पांकडे एक्का-राणी-गुलाम-९-५ होते, बाहेर काही नाही.

"सात गुणांवर दोनच्या पायरीला कसं बोलू?" आप्पा.

इथे वहिनींनी पेन्सिल मागून घेतली आणि वहीत दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्या तशाच ठेवतो:

२९ जून, गुलाम-९-७-४-२: बोलले.
१३ जुलै, एक्का-राणी-गुलाम-९-५: बोलले नाहीत.

कुणी काही बोललं नाही. चहा झाला. घरी जाताना आप्पा जिन्यात म्हणाले की उलटं व्हायला पाहिजे होतं.

२७ जुलै

आमचे चार इस्पिक होणार होते, व्हल्नरेबल, ६२०. सर-वहिनींनी पाच चौकटचा बळी दिला, म्हणजे बुडणार हे माहीत असून बोलले, आणि मी डबल म्हटलं, म्हणजे दंड वाढवला. मी सवयीने इस्पिकचा एक्का टाकला. डमीत एकटा इस्पिक आणि चार हुकूम. दुसऱ्या हाताला हुकूम उतारला, पण एक पाऊल उशीर झाला होता. वहिनींनी तेवढ्यात एक इस्पिक जास्त मारून घेतला. तीन कमी, ५००. पहिल्याच पानाला हुकूम गेला असता तर चार कमी, ८००.

६२० च्या एका बाजूला ५००, दुसऱ्या बाजूला ८००. एवढंसं अंतर. गुण सगळे आपल्याकडे असताना समोरचे पाचच्या पायरीला बोलतात ते पानं मारण्याच्या भरवशावरच, मग त्यांचे हुकूम आधी काढून घ्यायचे. हे मला माहीत होतं. मेंढीकोटमध्ये हुकूम जपायची सवय इतकी मुरलीय की हात आपोआप एक्क्याकडे गेला.

दोष: माझा. या वेळी बोलीचा काही संबंध नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर सगळं बोलीवर ढकलायची सवय लागेल.

३ ऑगस्ट

कानबाईचा सण. सगळ्यांच्या घरी रोट. खेळ नाही.

१० ऑगस्ट

आज वही पुढून मागे चाळली. अठ्ठावन्न उताऱ्या. ज्यांत आमचं खरोखर नुकसान झालं त्या एकोणीस. त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी, उतारणाऱ्याच्या जागी वहिनी असत्या तरी त्यांनीही तेच पान टाकलं असतं. चूक आधी झाली होती, बोलीत. कधी वाईट रंग बोललो, कधी चांगला रंग गिळला. म्हणजे अडीच महिने मी चुकीच्या रकान्यात चूक शोधत होतो.

आप्पांबरोबर ठराव केला: ओव्हरकॉल (समोरच्यांनी उघडल्यावर आपण बोललेला रंग) करायचा तो भिडूने तो रंग उतारावा असं वाटत असेल तरच. वरच्या तीनपैकी दोन पानं असतील तर सात गुणांवरही बोलायचं. रंग गुलामापासून सुरू होत असेल तर मोह आवरायचा. सर म्हणाले ठराव फार कडक आहे. बघू.

त्यानंतर लगेच एक गंमत. आम्ही सहा इस्पिकला, म्हणजे बारा हातांच्या स्लॅमला, गेलो. वहिनींनी डबल म्हटलं. एरवी त्या बोटं मोडून मोजल्याशिवाय डबल करत नाहीत. सरांनी पानांकडे न बघता डोळे मिटले, मग बदाम उतारला, जो आप्पांनी डमी होण्याआधी सर्वांत पहिले बोलला होता. वहिनींकडे बदाम नव्हताच. मारला, पुढे एक एक्का घेतला, स्लॅम एकाने पडलं. थिओडोर लाइटनर नावाच्या अमेरिकन खेळाडूची ही युक्ती: स्लॅमवर भिडूने डबल केलं की नेहमीची उतारी करायची नाही, बहुधा डमीने आधी बोललेला बाजूचा रंग टाकायचा. एक डबल, आणि सरांना नेमकं पान कळलं. आमचं स्लॅम गेलं, तरी मी ते वहीत उतरवून घेतलं. नुकसानीत सहसा असं वाटत नाही, पण बघायला छान वाटलं.

२४ ऑगस्ट

पाऊस, म्हणून गच्चीवर नाही, आतल्या खोलीत. शेवभाजी आणि भाकरी. सरांनी तिखटाने डोळे पुसत पुसत पत्ते वाटले.

वहिनी एक बदाम. ते व्हल्नरेबल, आम्ही नाही. माझ्याकडे इस्पिक गुलाम-१०-८-६-३, बाहेर दोन किरकोळ चित्रं. ठराव आठवला. पास. सर तीन बदाम, आप्पा पास, वहिनी चार. उतारी माझी, इकडून तिकडून कुठलाच हात न सोडणारी, वहीत 'गुपचूप' असं कारण. वहिनींनी बरोबर दहा हात केले. ६२०.

आप्पांनी आपले चार इस्पिक टेबलावर मांडले. माझे पाच, त्यांचे चार, नऊ. सर-वहिनींकडे बदाम नऊ. ज्यां-रेने व्हेर्न या फ्रेंच माणसाने मांडलेला हिशेब सरांनी लगेच सांगितला: दोन्ही बाजूंचे हुकूम मिळवा, अठरा. दोन्ही बाजूंना मिळून हातही साधारण तेवढेच होतात. त्यांचे दहा, म्हणजे आमचे आठ. चार इस्पिक डबल होऊन दोन कमी, ३००. दिले असते ३००, दिले ६२०. पानं उघडी करून खेळून पाहिलं, खरोखर आठच हात होत होते.

मी ठरावाकडे बोट दाखवलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "आते तू बोलनाच नही!"

उतारीत चूक नव्हती, 'दोष' मध्ये लिहायला कुणी नव्हतं. वहिनी हसून म्हणाल्या, आता तरी खोडा तो रकाना. खोडला. वरच्या कोऱ्या जागेत ठराव नव्याने लिहिला: वाईट रंग बोलायचा नाही, पण आपल्याकडे उतारी येण्याची शक्यता असेल आणि पानं पाच असतील तर एकच्या पायरीला चालेल. सर म्हणाले यात दोन 'पण' आहेत. आप्पा म्हणाले तीन.

वहीची चार पानं उरलीत. गणपतीनंतर नवी आणायची, या वेळी बोलीचा रकाना उतारीच्या दुप्पट रुंद.